परेशदादासाठी सुरी

पनवेल
६ ऑक्टोबर २०२५

प्रितेश,

फोनवर बोललो की आई शेजारी असते आणि तू हसून विषय बदलतोस, म्हणून लिहिते आहे. उत्तरही लिहूनच दे. ईमेल चालेल.

तुझ्या कंपनीतला स्वानंद सुट्टीवर आलाय. काल तो उरणहून माझ्या खोलीवर येऊन पार्सल देऊन गेला. "ताई, कस्टमवाल्याला शोपीस सांगितलं," म्हणाला आणि चहा न घेता निघाला. जुन्या टी-शर्टात गुंडाळलेली सुरी निघाली. लांबी ३४ सेंटीमीटर. पातं पिंपळपानासारखं, सगळ्यात रुंद जागी साडेनऊ सेंटीमीटर. मूठ लाकडी, तिच्या टोकाला चपटी गोल चकती. वजन ४१० ग्रॅम. सोबत तुझी चिठ्ठी: "परेशदादाला दे." बाकी काही नाही.

मी दिलेली नाही.

पुढचं तुला माहीत आहे. तरी क्रमाने लिहिते, कारण ही वस्तू बघून तू विसरला असावास असं वाटतं. चार वर्षांपूर्वी काशिरामकाकांच्या भावनाच्या हळदीच्या दिवशी मांडवासाठी जांभळीच्या डहाळ्या तोडताना तुझ्या हातातला कोयता तिच्या भावाला, परेशदादाला, लागला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो कबड्डीत कोपऱ्यावर खेळायचा, पकड हेच त्याचं काम होतं. त्यानंतर तो मैदानात उतरलेला नाही. काशिरामकाकांनी पोलिसात जाऊ दिलं नाही. पण परेश स्वतः बोलावेल तेव्हाच प्रितेशने गावात, नेऱ्यात, पाऊल ठेवायचं, असं त्यांनी दोन्ही घरांसमोर सांगितलं. आईने मान डोलावली. तू पंधरा दिवसांत आफ्रिकेची नोकरी धरलीस.

आता तुला परत यायचं आहे. त्यासाठी परेशदादाने बोलवायला हवं. आणि तू त्याला सुरी पाठवतोस.

ही वस्तू काय आहे, कोणाची आहे आणि तुझ्या मनात काय आहे, ते कळव.

कीर्ती


म्वेका
१४ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र वाचलं की कारखान्यातली नोटीस वाचल्यासारखं वाटतं. वजनसुद्धा केलंस. धन्य आहेस.

मी काही विसरलेलो नाही.

इथे म्वेकाच्या आसपास कुबा लोक राहतात. ही त्यांची इकुल. माझ्या मोबाईल टॉवरवर जनरेटर सांभाळायला मी आणि राखणीला पापा म्बोप असे दोघंच असतो. इथे वयस्क माणसाला पापा म्हणतात, आपण काका म्हणतो तसं. सत्तरीचा आहे. मी केलेली डाळ तो खातो आणि वर नावं ठेवतो. ती सुरी त्याची, त्याच्याआधी त्याच्या आजोबांची.

तो सांगतो, की खूप पूर्वी त्यांचा एक राजा होता, श्याम नावाचा. मी म्हटलं हा तर आमच्याकडचा दिसतोय. म्हणाला, बाहेरच्यांनी जमिनी घेतल्या तेवढ्या पुरे, राजा नका घेऊ. तर त्याआधी लोक लढताना फेकायच्या सुऱ्या वापरायचे, तीन-चार पात्यांच्या. राजाने त्या बंद केल्या आणि पुरुषांनी कमरेला ही लावायची असं ठरवलं. तेव्हापासून नाचाला, समारंभाला मानाची माणसं ती लावून येतात. कोणाची लोखंडाची, कोणाची तांब्याची. कित्येकांच्या सुरीचं पातंसुद्धा लाकडाचं असतं, वर नक्षी काढलेली. आता लाकडाच्या सुरीने काय कापणार? ती लावून आलेला माणूस भांडायला आलेला नाही, एवढंच तिने कळतं. मानाची वस्तू आहे. कांदा चिरायची नाही.

पापाने मला विचारलं, घरी का जात नाहीस. मी सांगितलं, चुलतभावाच्या हातावर कोयता निसटला. दुसऱ्या दिवशी सुरी घेऊन आला आणि म्हणाला, हे त्याला पाठव.

ताई, कंपनी ३१ डिसेंबरला विचारणार आहे, आणखी दोन वर्षांसाठी सही करतोस का. मला करायची नाही. मला घरी यायचंय. दिवाळीच्या आत दे दादाला. आणि तुझ्या लॅबमध्ये नेऊन घासूनबिसून बघू नकोस.

प्रितेश


पनवेल
२६ ऑक्टोबर

प्रितेश,

तुझं पत्र येण्याच्या आधीच मी ती तळोज्याला लॅबमध्ये नेली होती. मुठीजवळच्या कडेचा सहा मिलिमीटरचा तुकडा कापला, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. वस्तू कोणाची हे विचारायच्या आधी कापलं. माझा क्रम चुकला. पातं कापल्याची खाच दिसते. ती बुजवता येणार नाही.

निष्कर्ष असे. लोखंड जुन्या पद्धतीचं आहे, भट्टीत पूर्ण न वितळवता ठोकून काढलेलं. लोखंडाच्या मळीचे, म्हणजे स्लॅगचे, बारीक धागे एका दिशेने गेलेले दिसतात. कडकपणा इतका कमी, की धार लावली तरी टिकणार नाही. कडेची जाडी जवळजवळ दीड मिलिमीटर. कडेवर दगडाच्या किंवा कानशीच्या खुणा कुठेही नाहीत, म्हणजे धार कधी लावलेलीच नाही. मूठ मात्र हाताळून गुळगुळीत झाली आहे. युरोपातल्या दोन संग्रहालयांच्या सूच्या पाहिल्या. आकार जुळतो. पापा म्बोप सांगतात त्याच्या विरोधात जाणारं मला काही सापडलं नाही.

तरीही अडचण तीच आहे. नेऱ्यात कुबा लोक राहत नाहीत. तिथे पातं दिसलं की कोयता आठवतो.

भाऊबीजेला गेले होते. सुरी बॅगेत होती. परेशदादाला ओवाळलं. त्याने नेहमीप्रमाणे डाव्या हाताने पाकीट दिलं. त्याची आई, शकूकाकी, म्हणाली, "एक भाऊ हितं, एक तिकडं जंगलात. कधी येणार हाय तुजा जंगलवाला?" परेशदादा उठून बाहेर गेला. मी बॅग उघडली नाही.

एक प्रश्न. तू म्हाताऱ्याला नेमकं काय सांगितलंस? कोयता निसटला, असंच?

कीर्ती


म्वेका
३० नोव्हेंबर

ताई,

महिनाभर लिहिलं नाही कारण राग आला होता. मग पापाला सांगावंच लागलं, की माझ्या बहिणीने तुझ्या आजोबांच्या सुरीचा तुकडा कापला. मला वाटलं आता हा मलाच कापणार. तो हसायला लागला. म्हणाला, आत काही सापडलं का तिला? मी म्हटलं, मळ सापडला. तर म्हणे, आजोबांना ओळखणाऱ्याला त्यासाठी यंत्र लागलं नसतं.

मग तो वेगळंच विचारायला लागला. माझ्या हातात पाना दिला. म्हणाला, कोयता निसटला तो कसा, करून दाखव. मी दाखवला. पाना खाली पडला. त्याने विचारलं, भाऊ खाली बसला होता का? मी म्हटलं, समोर उभा होता. मग म्हणे, तुमच्याकडे लोखंड वर पडतं?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, निसटला असंच सांगितलं. सगळ्यांना तेच माहीत आहे. आणि सगळ्यांना ते पहिल्यांदा तू सांगितलंस, मी नाही. तू होतीस ना तिथे.

एकच महिना उरलाय. सुरी देणार आहेस का नाही ते सांग. नसशील तर मी सही करतो आणि इथेच राहतो. दोन वर्षांनी आई किती म्हातारी झालेली असेल त्याचं मोजमाप तूच कर.

प्रितेश


पनवेल
१५ डिसेंबर

प्रितेश,

काल रविवारी नेऱ्याला गेले आणि सुरी दिली.

परेशदादा रस्त्याकडेच्या त्याच्या दुकानात होता, रेती-विटांच्या. आत काशिरामकाका पेपर वाचत होते. मी टी-शर्ट सोडला आणि सुरी टेबलावर ठेवली. म्हटलं, प्रितेशने पाठवली आहे.

काकांनी पेपर खाली घेतला. "सुरी? माज्या पोराला सुरी पाठवतो? लाज हाय का त्याला?"

परेशदादा म्हणाला, "बाबा, थांबा जरा." त्याने ती डाव्या हाताने उचलली, कडेवरून अंगठा फिरवला. "हिला धारच नाय."

मी तुझ्या पत्रातलं सगळं सांगितलं. राजा, फेकायच्या सुऱ्या, लाकडाची पाती. तो ऐकत होता. सुरी त्याने उजव्या हातात घेऊन पाहिली. चकतीमुळे ती तीन बोटांत बसली.

"म्हंजी भांडन नाय करायची सुरी," तो म्हणाला. मग त्याला खाच दिसली. "ही कोनी पारली?"

"मी. लॅबमध्ये. आत काय आहे ते बघायला."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "एवढ्या एका सुरीचं आत काय हाय ते बगितलंस. माजी दोन बोटं गेली तवा कोनी बगितलं, बाय? तू शिकलेली, तू बोल्लीस कोयता निसटला, सगल्यांनी मान हलवली."

मी टी-शर्टाची घडी घालू लागले.

"तवा तू कुठं उबी व्हतीस?"

"ओट्यावर."

"ओट्यावरशी जांभल दिसते ना?"

"दिसते."

"मंग?"

काका म्हणाले, "परेश, आता जुनं नको काढू." परेशदादा म्हणाला, "मी नाय काढलं. हिनी टेबलावर आनून ठेवलं." मग मला म्हणाला, "सुरी ठेव. चांगली हाय. पन सुरीला तोंड नसतं. कोनतरी बोललं पायजे."

मी शेवटच्या बसने परत आले.

तू लिहिलं आहेस ते बरोबर आहे. पहिल्यांदा मी सांगितलं. आई माझ्याकडे बघत होती आणि तू वीस वर्षांचा होतास. हे कारण आहे, समर्थन नाही. मी काय पाहिलं ते मी परेशदादाला लिहिणार आहे. त्याआधी तू काय केलंस ते तू मला लिही. मी ते कोणाला दाखवणार नाही. तुझ्या उत्तरावरून माझं बदलणारही नाही.

कीर्ती


म्वेका
१९ डिसेंबर

ताई,

तो खाली उभा होता. मी फांदीवर होतो ते उतरलो. तो म्हणाला, "फुकट जेवायला येता दोघं मायलेकरं, डाहल्या तरी धड तोर." मंडपवाला होता, भावनाच्या मैत्रिणी होत्या, सगळे हसले. बाबा गेल्यावर काकांनीच आम्हाला सांभाळलं होतं, त्यामुळे ते खोटं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

मी कोयता उचलला. निसटला नाही. त्याने हात मध्ये घातला नसता तर कुठे बसला असता ते मला माहीत नाही. मी मनगट फिरवलं होतं, बोथट पाठ लागावी म्हणून, असं मी चार वर्षं स्वतःला सांगतोय. खरंच फिरवलं की नाही, आता मलाच कळत नाही.

पापाला आज सांगितलं. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये. तो म्हणाला, आता त्याला सांग. मी विचारलं, मग सुरी कशाला दिलीस? म्हणाला, सुरी बघून तो तुला दारात उभा तरी करेल. पुढचं तुलाच बोलावं लागणार.

तू लिही. मी अडवणार नाही. सही मी अजून केलेली नाही.

प्रितेश


पनवेल
२१ डिसेंबर

ति. परेशदादा यांस,

सा. न. वि. वि.

भावनाच्या हळदीच्या दिवशी मी काय पाहिलं ते लिहिते आहे.

वेळ सकाळी साडेदहाच्या सुमाराची. मी तुमच्या ओट्यावर उभी होते. जांभळीपासून अंतर साधारण वीस पावलं. मध्ये कोणी नव्हतं. उजेड स्वच्छ होता.

प्रितेश झाडावरून उतरला तेव्हा कोयता त्याच्या उजव्या हातात होता. तुम्ही काहीतरी बोललात, शब्द मला ऐकू आले नाहीत. लोक हसले. प्रितेशने कोयता खांद्याच्या वर नेला आणि तुमच्या दिशेने मारला. तुम्ही उजवा हात पुढे केलात. कोयता हाताला लागला. लागल्यानंतर तो प्रितेशच्या हातातून सुटला. आधी सुटला नव्हता.

कोयता निसटला असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं आणि सांगताना मला ते माहीत होतं. मला भावाला वाचवायचं होतं. तुमचा विचार मी केला नाही. पुढे चार भाऊबीजांना तुम्हाला ओवाळतानाही मी गप्प राहिले.

त्याने मारताना मनगट फिरवलं का, हे मला दिसलं नाही. म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही.

हे पत्र तुम्ही कोणालाही दाखवू शकता. काकांनाही, पोलिसांनाही. त्याबदल्यात मी काही मागत नाही. प्रितेशला बोलावायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं आहे.

तुमची,
कीर्ती


नेरे
२८ डिसेंबर

कीर्ती बाय,

साष्टांग नको आपल्याला. मला लिवायची सवय नाय, भावना माहेरला आलीय ती लिवून घेते. मी बोलतो तसंच लीव बोल्लो हाय तिला.

तुजं पत्र भेटलं. बाबांना वाचून दाखवलं. ते दोन दिस जेवले नाय नीट. आय रडली. तुज्या आईला मीच घरी जाऊन सांगितलं. ती बोल्ली मला ठावं होतं. म्हंजी बग, सगल्यांना ठावं होतं. मला तर पयल्या दिसापासून. हात माजा व्हता. कोयता कसा आला ते मी बगितलं ना.

बोटांचं मला आता एवढं वाटत नाय. खेलायचं वय तसंबी सरलं असतं. पन चार वर्सं लोक बोलतात, अरे परेश, चुकून झालं रे, इसरून जा. चुकून काय? मी काय इसरू? मी बोललो तर मीच वाईट, भावावर आल घेतो. म्हनून गप व्हतो. घरात सगली आपलीच मानसं नि मी एकटाच खोटा.

मी बी बोल्लो व्हतो त्याला. फुकट जेवतो बोल्लो. तुला ऐकू नाय आलं म्हनून सांगतो. त्याच्या बापाला जाऊन वरीस झालं नव्हतं. ते बी लिवून ठेव तुज्या रिपोटात.

सुरी दुकानात टेबलावर ठेवली हाय. गिराईक इचारतात. मी सांगतो आफ्रिकेची हाय, हिनी कापत नाय. मंग कशाला ठेवली इचारतात. सांगायला टाइम लागतो, पन सांगतो. त्या म्हाताऱ्याला माजा नमस्कार कलव.

पोलीस नको. प्रितेशला बोल सही करू नको. यावं. पन आल्यावर जांभलीखाली बाबांच्या समोर त्यानी सोता बोलायचं. तू लिवलंस ते त्याचं नाय झालं. मी बी माजं बोलीन.

परेश

(आल्यावर माझ्यासाठी बायको शोध, असं बोलतोय प्रितेशला. हे माझं नाही, दादाचंच. – भावना)


पनवेल
२९ डिसेंबर

प्रितेश,

परेशदादाचं पत्र सोबत जोडलं आहे. दोनदा वाच. सही करू नकोस.

कंपनीला आजच लिहून कळव. पापा म्बोपना सांग, की खाच पाडल्याबद्दल मी त्यांची माफी मागते. हे आधी सांगायला हवं होतं. कापलेला तुकडा लॅबमध्ये जपून ठेवला आहे, हवा असेल तर कुरिअरने पाठवते.

तुझं १९ तारखेचं पत्र मी कोणाला दाखवलेलं नाही. मनगटाचं काय ते तुझं तूच सांग. खात्री नसेल तर खात्री नाही असंच सांग. जास्त काही जोडू नकोस.

तिकिटाची तारीख ठरली की कळव. विमानतळावर मी येणार नाही, परेशदादा स्वतः गाडी घेऊन येतो म्हणाला आहे. मागे बसू नकोस, त्याच्या शेजारी बस. पनवेलपर्यंत वाहतूक असते, दीड-दोन तास लागतील. तेवढा वेळ त्याचा उजवा हात स्टिअरिंगवर तुझ्या समोर असेल. नजर वळवू नकोस.

कीर्ती